टंचाईची वाटणी : खानदेश-बागलाणातील फड

फड ही खानदेश आणि बागलाण या भागांतली सामुदायिक सिंचनाची जुनी रीत आहे. पांझरा, कान, गिरणा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालायचे, अडवलेले पाणी पाटाने शिवारात आणायचे आणि त्या पाण्याखालची सगळी जमीन गावाने एका विचाराने पिकवायची, असे तिचे थोडक्यात स्वरूप. जमीन ज्याची त्याची आणि पीकही ज्याचे त्याचे. पण कोणत्या भागात काय पेरायचे, कुठे पाणी द्यायचे आणि कोणता तुकडा यंदा कोरडा ठेवायचा, हे एकट्या शेतकऱ्याने ठरवायचे नसे. ही रीत निदान तीनशे-चारशे वर्षांची मानली जाते. नदीला पाणी भरपूर असताना ती चाललीच. तिची खरी कसोटी मात्र पाणी कमी पडलेल्या वर्षांत लागे, आणि तिची सगळी रचना त्या वर्षांचा विचार करूनच झालेली दिसते.

या नद्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावतात. डोंगरमाथ्यावर पाऊस धो-धो पडतो आणि पूर्वेकडे काही कोसांतच तो झपाट्याने घटतो. धुळ्याच्या आसपास वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी साल बरे म्हणायचे. म्हणजे शेताला पाऊस अपुरा, पण शेजारून वाहणाऱ्या नदीत डोंगरावरच्या पावसाचे पाणी, अशी या पट्ट्याची स्थिती आहे. पांझरा पिंपळनेरच्या वरच्या डोंगरात उगम पावते, साक्री आणि धुळे तालुक्यांतून वाहत मुडावदजवळ तापीला मिळते. कान तिला वाटेत येऊन मिळते. मोसम आणि आरम या बागलाणातल्या नद्या गिरणेच्या उपनद्या. चांगल्या पावसाळ्यानंतर त्यांचा प्रवाह हिवाळाभर टिके. पाऊस हुकला की दिवाळीनंतरच धार बारीक होऊ लागे. पात्रात ठिकठिकाणी काळा कातळ उघडा आहे आणि नदीला उतारही चांगला आहे. बंधारा घालायला पायाचा खडक हवा आणि पाटाला पाणी चढवायला उतार हवा. या दोन्ही गोष्टी जिथे जुळल्या तिथे बंधारे उभे राहिले.

हे बंधारे पाणी साठवण्यासाठी नव्हते. ते नदीची पातळी थोडी उचलत आणि पाणी काठावरच्या पाटाच्या तोंडाशी आणत. दगड आणि चुना वापरून, पात्रातल्या कातळाच्या रांगा धरत ते बांधलेले असत. त्यामुळे अनेक बंधारे सरळ रेषेत नाहीत. खडक जिकडे वळला तिकडे भिंत वळलेली आहे. पूर आला की तो बंधाऱ्यावरून निघून जाई आणि गाळ सोबत नेई. साठवणच नसल्याने गाळाने भरून निकामी होण्याचे भय अशा बांधकामाला फारसे नव्हते. वरवर पाहता ही उणीव वाटते, कारण पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्यासाठी राखता येत नाही. पण त्याचमुळे गावाला एक शिस्त लागली. तिजोरीत काही नाही, नदी देईल तेवढेच आपले, हे गृहीत धरूनच पीक ठरवावे लागे.

एका नदीवर असे बंधारे एकामागून एक होते आणि बहुधा एकेका बंधाऱ्यावर एक-दोन गावांची जमीन भिजे. पाट दोन किलोमीटरपासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत लांब असत. पाटातून चाऱ्या निघत, चाऱ्यांतून शेतांत पाणी नेणारे लहान सारंग निघत, आणि शेतांतून उरलेले पाणी सांडमांतून परत नदीला मिळे. सांडमाचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. वरच्या गावाने घेतलेल्या पाण्यातले जे पिकाने प्यायले नाही, ते सांडमातून आणि जमिनीत मुरून झऱ्यांवाटे पुन्हा पात्रात येई आणि खालच्या बंधाऱ्याला मिळे. तेच पाणी नदीच्या लांबीत अनेकदा वापरले जाई. पाट मातीचे असल्याने त्यांतून झिरपणारे पाणी काठच्या विहिरींना मिळे, आणि पाट बंद झाल्यावरही काही काळ गावाच्या पिण्याच्या पाण्याची सोय त्या विहिरी भागवत.

पाटाखालच्या जमिनीचे सामान्यतः चार भाग केलेले असत. यांतला प्रत्येक भाग म्हणजे एक फड. लहान फड दहा हेक्टरांचा, तर मोठा शंभर हेक्टरांच्याही वर जाई. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे, हा मूळ नियम. एका फडात ऊस असेल तर सगळ्या फडात ऊस. दुसऱ्यात खरिपाचे भुसार, तिसऱ्यात रब्बीचा गहू किंवा हरभरा, आणि चौथा बहुधा पडीक किंवा पावसावरच्या पिकाखाली, अशी मांडणी असे आणि दरवर्षी ती फिरे. ऊस निघालेल्या जमिनीला पुढच्या वर्षी हलके पीक मिळे, मग विश्रांती मिळे. जमिनीचा कस आणि निचरा दोन्ही त्यामुळे राखले जात. सतत पाणी खाऊन जमिनी चोपण झाल्याची तक्रार पुढे दख्खनच्या मोठ्या कालव्यांवर सर्रास ऐकू आली. फडांत आळीपाळीने कोरडा पडणारा तुकडा त्यावरचा उतारा होता.

एकाच पिकाच्या नियमाचे आणखीही फायदे होते. सगळ्या फडाला सारख्याच पाण्याची, सारख्याच अंतराने गरज लागे. त्यामुळे कोणाच्या पिकाला पाणी आधी, कोणाच्या नंतर, या वादाला जागा उरत नसे. पेरणी आणि कापणी एकाच सुमारास होत असल्याने राखण सोपी होई आणि पीक निघाले की सगळा फड गुरांना मोकळा करता येई. प्रत्येक पट्ट्याला वेगळे कुंपण घालायची गरज नसे.

पण या सगळ्या मांडणीचे मर्म जमिनीच्या वाटणीत आहे. पाटाखालच्या खातेदाराची जमीन साधारणपणे एका ठिकाणी सलग नसे. प्रत्येक फडात त्याचा एकेक अरुंद, लांब पट्टा असे. समजा एखाद्याची पाण्याखालची जमीन चार एकर आहे आणि ती चार फडांत एकेक एकर अशी विभागलेली आहे. चांगल्या सालात त्याच्या चारही एकरांना गरजेप्रमाणे पाणी मिळेल. नदीचे पाणी निम्म्यावर आले आणि गावाने दोनच फड भिजवायचे ठरवले, तर त्याचे दोन एकर भिजतील आणि दोन कोरडे राहतील. त्याच्या शेजाऱ्याचेही तेच होईल, आणि निर्णय घेणाऱ्या पंचाचेही तेच होईल. कोणताही फड बंद केला तरी त्याची झळ सगळ्यांना आपापल्या जमिनीच्या प्रमाणात लागते. त्यामुळे फड बंद करण्याचा निर्णय घेताना कोणाला बळी द्यायचे हा प्रश्न येत नाही; किती कमी पिकवायचे एवढाच प्रश्न उरतो. ही रचना एकदा शिवारात उतरली की टंचाईच्या सालात नव्याने न्याय करत बसावे लागत नाही.

दुष्काळात काम चाले ते याच आधारावर. हंगाम सुरू होण्याआधी पंच आणि खातेदार एकत्र बसत. पाऊस कसा झाला, नदीला धार किती आहे, ती किती दिवस टिकेल, याचा अंदाज जुन्या माणसांना चांगला असे. त्यावरून यंदा किती फड धरायचे हे ठरे. पाणी थोडे कमी असेल तर चारांऐवजी तीन, आणखी कमी असेल तर दोन, आणि फारच बिकट साल असेल तर एकच. उसाची लागवड करायची की नाही हेही तेव्हाच ठरे, कारण ऊस वर्षभर पाणी मागतो आणि एकदा लावला की मागे फिरता येत नाही. बंद ठेवलेल्या फडांत ज्याने त्याने बाजरी, ज्वारी यांसारखे पावसावर येईल ते पेरावे. पाट जितका कमी लांब चालवावा लागेल तितकी वाटेतली गळती कमी, म्हणून उपलब्ध पाणी थोड्या क्षेत्रात पण पुरेसे द्यायचे, ते सगळीकडे पसरून सगळेच पीक अर्धवट जाळायचे नाही, हा त्यामागचा हिशेब होता. टंचाई ही पेरणीच्या आधी वाटून घ्यायची. पीक उभे राहिल्यावर वाटायला बसले की वाटणी होत नाही, भांडण होते. फडकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून कळले होते आणि या रिवाजातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

प्रत्यक्ष पाणी देण्याचे काम शेतकऱ्याच्या हातात नसे. त्यासाठी गावाने माणसे नेमलेली असत. पाटकरी पाटावर लक्ष ठेवी, पाटाच्या तोंडाशी पाणी किती घ्यायचे, कोणत्या चारीला सोडायचे हे पाही. बारेकरी शेतात बारे देई. पाण्याची पाळी आली की तो चारीच्या तोंडावरचा मातीचा आणि दगडगोट्यांचा बांध फोडी, सारंगात पाणी घेई, आणि एकेक वाफा भरत पट्ट्याच्या शेवटापर्यंत जाई. वाफा भरला की फावड्याने दार बंद आणि पुढच्याचे उघडे. एका खातेदाराचा पट्टा संपला की बांध ओलांडून लगेच पुढच्याचा. पट्टा पाटलाचा असो की दोन पांड जमिनीच्या धन्याचा, बारेकऱ्याचे फावडे त्याच क्रमाने चाले. रात्रीचे पाणीही असेच दिले जाई. मधेच कोणी येऊन आपल्याकडे पाणी वळवले तर ते सगळ्या फडाच्या डोळ्यांसमोर होई, आणि पंचांसमोर त्याला दंड भरावा लागे. पाणी देणाऱ्याचा स्वतःचा त्या पाण्यात स्वार्थ नसावा, ही अट या व्यवस्थेने पाळली. आजच्या कालव्यांवर ती कितपत पाळली जाते, हे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा कोणताही शेतकरी सांगेल.

पाटकरी आणि बारेकऱ्यांच्या जोडीला जागले असत. गुरे, रानडुकरे आणि चोर यांच्यापासून उभ्या पिकाची राखण करणे हे त्यांचे काम. या सगळ्यांवर हवालदार देखरेख ठेवी. पंच वर्षाचे धोरण ठरवत आणि हवालदार ते रोजच्या रोज अमलात आणी. या लोकांचा मोबदला बहुतेक धान्याच्या रूपात, खळ्यावर किंवा बांधावर दिला जाई, आणि तो प्रत्येक खातेदाराच्या क्षेत्राप्रमाणे ठरे. पीक बुडाले तर त्यांच्याही पदरात कमी पडे. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढणे, खचलेले काठ भरणे, बंधाऱ्याची लहानसहान डागडुजी करणे ही कामे खातेदारांनी जमिनीच्या प्रमाणात माणसे देऊन करायची असत. माणूस देता आला नाही तर त्याऐवजी पैसे किंवा धान्य द्यावे लागे.

फडातली समानता खातेदारांपुरती होती, हेही सांगायला हवे. ज्याची पाटाखाली जमीन नाही, त्याचा पाण्यावर हक्क नव्हता. जागले आणि बारेकरी पाण्यासाठी राबत, पण पंचांच्या बैठकीत त्यांचे मत विचारले जात नसे. मोठ्या खातेदाराला मोठा वाटा आणि लहान खातेदाराला लहान वाटा मिळे. टंचाईचा भार तेवढा प्रमाणशीर वाटला जाई. शिवाय एका गावातली वाटणी जितकी पक्की होती, तितकी नदीवरच्या दोन गावांमधली नव्हती. धार बारीक झाली की वरचा बंधारा ती जवळजवळ सगळी वळवू शके आणि खालच्या गावाला सांडमाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर भागवावे लागे. नदी एक असली तरी पंच गावागावाचे वेगळे होते.

बंधारे कोणी बांधले याबद्दल नक्की लेखी पुरावे थोडे आहेत. लोकसमजुतीत त्यांतल्या अनेकांचे श्रेय मुसलमान राजवटींना, विशेषतः खानदेशावर सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंत राज्य केलेल्या फारुकी घराण्याला दिले जाते. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि फारुकींची सत्ता संपली. पुढच्या मोगल आणि मराठा अमलातही बंधारे चालू राहिले. पाटाखालची जमीन ‘पाटस्थळ’ आणि विहिरीच्या मोटेखालची ‘मोटस्थळ’ अशी महसुली विभागणी होती आणि पाटस्थळाचा सारा जिराइतापेक्षा जास्त असे. त्यामुळे बंधारा टिकण्यात सरकारचाही फायदा होता. पण चालवणे, वाटणे आणि भांडणे मिटवणे हे काम गावाकडेच राहिले.

या मुलखाने अवर्षणाचा आणि लढायांचा असा दुहेरी मार खाल्ला. १६३० च्या दुष्काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळले. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, त्याच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, आणि मग पेंढारी व भिल्लांच्या धाडींनी गावे ओस पडली. बंधाऱ्याला दरवर्षी हात लावावा लागतो. गावच उठून गेले तर एकदोन पावसाळ्यांत पाट बुजतो आणि पाचदहा वर्षांत बंधाऱ्याला भगदाड पडते. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा अनेक बंधारे मोडून पडलेले होते. पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे वसवले. पुढच्या काही दशकांत लोक परत आले, काही बंधारे सरकारी खर्चाने दुरुस्त झाले आणि त्यांखाली फड पुन्हा सुरू झाले. एवढ्या पडझडीनंतरही लोकांनी परत येऊन तीच रीत पुन्हा मांडली, याचे कारण पट्ट्यांची वाटणी जमिनीवर आणि लोकांच्या स्मरणात शाबूत होती.

कंपनी सरकार गेले आणि राणीचे सरकार आले तेव्हा पाटबंधाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गिरणेवर चाळीसगाव तालुक्यात जामदा येथे मोठा बंधारा घालून दोन्ही तीरांवर कालवे काढण्यात आले. ही कामे सरकारी खात्याची होती. तिथे शेतकऱ्याने अर्ज करायचा, दर भरायचा आणि पाणी घ्यायचे अशी पद्धत होती. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने या नव्या कामांना चौकट दिली. जुने फडाचे बंधारे पुढे याच कायद्याखाली ‘दुसऱ्या वर्गाची सिंचन कामे’ म्हणून गणले गेले. त्यांच्या पाण्याचे हक्क सरकारी दप्तरात नोंदवायचे आणि वाद अधिकाऱ्यापुढे न्यायचे अशी तरतूद झाली. हक्क कागदावर आल्याने एक प्रकारचे संरक्षण मिळाले. पण जो प्रश्न पंचांच्या ओट्यावर सुटत होता तो कचेरीत जाण्याची वाटही त्यामुळे मोकळी झाली.

पांझरेच्या खोऱ्याशी आणखी एका मोठ्या माणसाचा संबंध आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले आणि त्यांची पहिली नेमणूक नाशिक-धुळे भागात झाली. साक्री तालुक्यात दातर्ती येथे त्यांनी पाटाचे पाणी पात्राखालून पलीकडे नेणारा नळांचा सायफन बांधला. पुढे पुण्याला कार्यकारी अभियंता असताना त्यांनी नीरा कालव्यासाठी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला होता. पावसाच्या सालात त्याचे पाणी घ्यायला कोणी पुढे येत नसे, आणि दुष्काळात मात्र सगळेच धावत. कालव्याच्या तोंडाजवळचे लोक हवा तेवढा ऊस लावत आणि खाली पाणी पोहोचत नसे. विश्वेश्वरय्यांनी जमिनीचे गट पाडले, प्रत्येक गटात उसाखालचे क्षेत्र मर्यादित ठेवून बाकीत हंगामी पिके घ्यायची आणि दरवर्षी फेरपालट करायची, अशी योजना केली. १९०१ मध्ये नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगाने तिला पसंती दिली. फडातली पिकांची फेरपालट आणि गटवार पाणी यांच्याशी तिचे साम्य उघड आहे.

फरकही तितकाच मोठा आहे. ब्लॉकचे पाणी एकेका अर्जदाराला मंजूर होई. सगळ्या गावाने मिळून निर्णय घ्यायची आणि सगळ्यांनी एकत्र सोसायची अट त्यात नव्हती. प्रत्येकाचा पट्टा प्रत्येक गटात असावा अशी जमिनीची मांडणीही नव्हती. म्हणून काळाच्या ओघात फेरपालट मागे पडली आणि उसाचा ब्लॉक हा ज्याला मिळाला त्याचा हक्कच होऊन बसला. नीरेवर, आणि नंतर गोदावरी व प्रवरा कालव्यांवर, ऊस पसरला. साखर कारखान्यांनी त्याला आधार दिला. उसाला एकदा पाण्याचा हक्क चिकटला की दुष्काळात इतरांसाठी पाणी काढणे किती अवघड होते, याचा अनुभव महाराष्ट्र पुढे शंभर वर्षे घेत राहिला.

फडांची खरी घसरण स्वातंत्र्यानंतर सुरू झाली. तिचे कारण एकच नव्हते. नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली : मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, कानवर मालनगाव, पांझरेवर लाटीपाडा आणि खाली अक्कलपाडा, गिरणेवर चणकापूरचे धरण तर इंग्रजी अमलातले. नदीचा नैसर्गिक प्रवाह आता धरणाच्या दारातून, खात्याच्या आदेशाने सुटू लागला. पंचांनी धारेकडे पाहून किती फड धरायचे हे ठरवायचे, त्या धारेवर त्यांचा अंमल राहिला नाही. काही ठिकाणी धरणाच्या पाळ्यांनी फडांना उलट मदतच झाली आणि रब्बीची खात्री वाढली. पण निर्णय गावाबाहेर गेला.

दुसरे कारण विहिरी. साठच्या दशकापासून तेलाची इंजिने आणि मग विजेचे पंप आले. फडात ज्याची विहीर झाली त्याला पंचांच्या निर्णयाची वाट पाहायची गरज उरली नाही. बंद फडातही तो ऊस उभा करू शकला. मग एका फडात एकच पीक हा नियम मोडला. नियम मोडताच बारेकऱ्याचा क्रम मोडला, राखण अवघड झाली आणि जागल्याला धान्य देण्यात लोक कुरकुर करू लागले. साक्री तालुक्यात भाडणे येथे सहकारी साखर कारखाना निघाल्यावर उसाची ओढ आणखी वाढली. वारसांत वाटण्या होत होत पट्टे इतके अरुंद झाले की चार ठिकाणी चार पट्टे कसण्यापेक्षा अदलाबदल करून एका ठिकाणी जमीन करून घेणे लोकांना सोयीचे वाटले. त्यात गैर काहीच नव्हते. पण त्यामुळे ज्या पायावर समान झळ उभी होती, तो पायाच निघून गेला. नदीपात्रातल्या वाळूउपशाने बंधाऱ्यांचे पाये उघडे पडले, पाट बुजले आणि काही ठिकाणी त्यांवर घरेही झाली.

याच काळात फडाचा मूळ विचार महाराष्ट्रात दुसरीकडे नव्या रूपात पुढे आला. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली होरपळ पाहून विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे ठरले : माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा, उसाला मनाई, आणि खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांचा. फडात जी उणीव होती ती या नियमांनी भरून काढली. नाशिक जिल्ह्यात ओझर येथे बापूसाहेब उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचे आणि आपल्यात वाटायचे, ही त्यांची रीत. अशा प्रयोगांच्या अनुभवावर २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला.

त्याच वर्षीच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात टंचाई संपूर्ण खोऱ्याने वाटून घ्यावी असे कलम आहे. ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत उपलब्ध पाण्याचे प्रमाण साधारण सारखे राहील असे नियंत्रण करायचे, असा त्याचा आशय. फड एका गावापुरता जे करी तेच हे कलम गोदावरीसारख्या खोऱ्यापुरते करू पाहते, आणि नदीवरच्या वरच्या-खालच्या गावांचा जो प्रश्न फडाला सुटला नव्हता त्याला ते थेट हात घालते. गोदावरीवरचे जायकवाडी धरण भरले नाही त्या २०१२, २०१५, २०१८ आणि २०२३ या सालांत नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागले. दर वेळी आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि कोरड्या पात्रातून वाहताना बरेच पाणी वाटेतच जिरले. याचे एक मोठे कारण वेळेत आहे. ऑक्टोबरात हिशेब होतो तेव्हा वरच्या भागात ऊस उभा असतो, द्राक्षबागांची छाटणी झालेली असते, आणि खालच्या भागातही शेतकऱ्याने आपापल्या भरवशावर लागवड केलेली असते. पाण्याची वाटणी ठरते, पण पिकांची वाटणी आधी कोणी ठरवलेली नसते. फडात या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत ठरत.

पांझरेच्या वरच्या खोऱ्यात, पिंपळनेर आणि सामोडे या भागात, काही फड अजून चालतात. तिथे पाटकरी नेमला जातो, पाटाची साफसफाई होते आणि पंच बसतात. पिकांचा एकसारखेपणा पूर्वीइतका कडक राहिलेला नाही. विहिरीचे पाणी आणि पाटाचे पाणी एकत्र वापरले जाते आणि मोबदलाही बहुधा रोख दिला जातो. १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्यानेही जुन्या बंधाऱ्यांचा ‘दुसऱ्या वर्गाची कामे’ हा दर्जा कायम ठेवला. म्हणजे फडांचे पाण्यावरचे नोंदलेले हक्क आजही कायद्याला मान्य आहेत. मोडलेल्या बंधाऱ्यांची दुरुस्ती करून ते पुन्हा चालवायचे झाले, तर पंचांना बसायला कायद्याची आडकाठी नाही. पट्ट्यांची जुनी मांडणी जिथे शिल्लक आहे, तिथे ती दुरुस्ती सर्वांत आधी करण्याजोगी आहे.